गोपाळराव, एक विचारू का?

नमस्कार श्रोतेहो. आज आपण मिळून एक कल्पना करायचीये. समजा एका संध्याकाळपुरतं मागच्या काळातल्या कुठल्याही राष्ट्रीय नेत्याला आपल्या घरी चहाला बोलवता आलं, तर कुणाला बोलवाल? आणि मुख्य म्हणजे काय विचाराल? बोलवायचं कुणाला हे लोक पटकन सांगतात. बाबासाहेब म्हणतात, लोकमान्य म्हणतात, गांधीजी, नेताजी. पण विचाराल काय म्हटलं की बहुतेक जण म्हणतात, आजच्या परिस्थितीबद्दल त्यांचं मत विचारू. मला हे फारसं पटत नाही. आजची परिस्थिती आपली आहे, ती आपणच निस्तरायची, त्या माणसांनी आपापल्या काळात काय कमी सोसलं का? मला त्यांना त्यांच्याच आयुष्यातलं विचारायचंय, पुस्तकात जे एका ओळीत उरकून टाकतात ते.

माझे पाहुणे ठरलेले आहेत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. लाल पुणेरी पगडी, गोल चष्मा, खांद्यावर उपरणं. जन्म 9 मे 1866, रत्नागिरी जिल्ह्यातलं कोतळूक, गुहागरजवळचं. वडील लवकर गेले, मोठे भाऊ गोविंदराव शाळा सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये महिन्याला धाकट्याच्या शिक्षणाला पाठवायचे. पंधरातले आठ. घरात मोठं भावंड असलेल्यांना ह्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको. पुढे फर्ग्युसनमध्ये प्रोफेसर, न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य, 1905 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष, त्याच वर्षी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना, आणि 19 फेब्रुवारी 1915 ला गेले सुद्धा. पन्नाशी नाही गाठली.

आता ते आलेत असं समजू. चहा बिनसाखरेचा, कारण त्यांना मधुमेह होता. (जाता जाता सांगते, आपल्याकडे पाहुण्याला साखर चालते का हे न विचारताच चहात साखर लोटतात ना, ते खरंच बंद व्हायला हवं, घराघरात मधुमेह आहे आता.) बसले, पगडी काढून शेजारी ठेवली. आणि एक आधीच सांगून ठेवते श्रोतेहो, ह्या गप्पांमध्ये गोपाळराव जे बोलतील ते माझ्या कल्पनेतलं आहे, ते त्यांचं वाक्य म्हणून कुणी फोटोखाली लिहून पाठवू नका. घटना मात्र खऱ्या आहेत.

तर मी विचारते, गोपाळराव, राग मानू नका, पण 1897 सालचं विचारायचंय. माफीचं.

ही गोष्ट मी मिळेल तिथं सांगत असते आणि आज रेडिओवर सांगायला मिळतीये म्हणून मला खरंच फार बरं वाटतंय, तेव्हा जरा निवांत ऐका.

1897. पुण्यात प्लेग. साथीच्या रोगांचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला, तोच कायदा बरं का जो आपल्याकडे 2020 साली कोरोनात पुन्हा बाहेर काढला होता. पुण्यात प्लेग कमिटीवर रँड नावाचे अधिकारी होते आणि घरं तपासायला गोरे सोल्जर लावले होते. घराची झडती म्हणजे काय हो, बूट घालून स्वयंपाकघरात, बूट घालून देवघरात, सामान अंगणात काढून जाळायचं, बायामाणसांना उघड्यावर तपासायचं, घरातला एखादा आजारी असला की उचलून नेणार आणि तो परत येईल का नाही कुणाला माहीत नाही. लोक रोगापेक्षा झडतीला घाबरायला लागले होते.

आणि ह्या वेळी गोखले कुठं होते? लंडनला. वेल्बी कमिशन बसलं होतं, हिंदुस्थानचा पैसा कसा खर्च होतो ते तपासायला, त्याच्यासमोर साक्ष द्यायला ते गेले होते, वय किती तर जेमतेम एकतीस. साक्ष उत्तम झाली, नाव झालं. आणि तिकडे त्यांना पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. सोल्जर लोकांनी काय काय केलं त्याची पत्रं. त्यात एक फार भयंकर मजकूर होता, की दोन स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्यातल्या एकीनं नंतर जीव दिला.

तुम्ही काय केलं असतं? परदेशात आहात, ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांच्याच राजधानीत आहात, घरून असं पत्र येतंय. गप्प बसवलं असतं का?

त्यांना नाही बसवलं. 22 जूनला रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, विलायतेत एकच गदारोळ, की पुण्याचे लोक असे का वागतात. तेव्हा गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन ह्या पेपरला सगळं सांगितलं. असे का वागतात विचारताय ना, मग हे ऐका, म्हणून. छापून आलं. पार्लमेंटमध्ये प्रश्न झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी साफ नाकारलं. आणि सगळे गोखल्यांना म्हणायला लागले, पुरावा दाखवा.

जुलैच्या शेवटी गोखले मुंबईला उतरले. तेव्हा इकडे काय चाललं होतं बघा. टिळकांना त्याच आठवड्यात राजद्रोहाखाली पकडलेलं. पुण्याच्या सरदार घराण्यातल्या नातू बंधूंना खटला न चालवताच स्थानबद्ध केलेलं. पुण्यात माणसं एकमेकांशी दारात उभं राहून बोलायलाही घाबरायला लागलेली. गोखल्यांनी ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना विचारलं, तुम्ही पुढं येता का? कोण येणार त्या दिवसांत पुढं? आणि अत्याचार झालेल्या बाईचं नाव कुठल्या घरातनं मिळणार होतं? आज 2020 नंतरच्या काळातही असं नाव घरातनं बाहेर येत नाही, तर 1897 साली येणार होतं?

म्हणजे बघा, पुरावा नाही. आता दोन वाटा. एक वाट म्हणजे पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सरकारला देऊन टाकायची, मी ऐकलेलं सांगितलं, हे घ्या सांगणारे. म्हणजे हे सुटले आणि ते अडकले. दुसरी वाट म्हणजे सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचं.

गोखल्यांनी नावं दिली नाहीत. पुन्हा सांगते, नावं दिली नाहीत. ऑगस्टमध्ये पेपरांत जाहीर पत्र दिलं, की मी केलेले आरोप मला सिद्ध करता येत नाहीत, ते मी मागे घेतो आणि बिनशर्त माफी मागतो. कुणाची? गव्हर्नरची, प्लेग कमिटीची आणि प्लेगच्या कामावर असलेल्या सोल्जरांची.

सोल्जरांची सुद्धा.

पुण्यात काय झालं असेल ह्याची कल्पना तुम्ही करा. एकीकडे टिळक तुरुंगात चाललेत आणि दुसरीकडे हे माफी मागतायत. भित्रा म्हणाले, कणा नाही म्हणाले, इंग्रजांनी खोटारडा म्हटलं ते वेगळंच. दोन्हीकडून मार. आणि पुन्हा प्लेग आला तेव्हा हेच गोखले त्याच पुण्यात प्लेगच्या कामाला उभे राहिले, ज्या गल्ल्यांमध्ये लोक पाठ फिरवत होते त्याच गल्ल्यांमध्ये.

तर मी त्यांना विचारते, गोपाळराव, नावं दिली नाहीत हे मला समजतं, सिद्ध करता येत नाही म्हणून शब्द मागे घेतला हेही समजतं. पण सोल्जरांची माफी? ज्या बाईनं जीव दिला असं पत्रात लिहिलं होतं, ती असेलच खरी, तर? तिला काय वाटलं असेल?

माझ्या कल्पनेत ते बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, बाई, मी एका मोठ्या पेपरात, एका मोठ्या देशासमोर, लोकांच्या अब्रूबद्दल बोललो होतो. माझ्या हातात पत्रं होती, साक्ष नव्हती. साक्ष नसताना मी बोललो, तर त्याची किंमत मी द्यायची, पत्र लिहिणाऱ्या मित्रानं नाही.

मी म्हणते, पण अर्धी माफी मागता आली असती. दिलगिरी वगैरे. हल्ली मागतात तशी, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर, ह्या छापाची.

ते म्हणतात, अर्धी माफी कुणाला पोचते?

आणि इथं माझं आणि त्यांचं जमत नाही श्रोतेहो. मला आजही वाटतं सोल्जरांची माफी मागायला नको होती. पंडिता रमाबाईंनी सुद्धा त्याच प्लेगमधल्या सरकारी इस्पितळातल्या मुलींच्या हालांबद्दल उघडपणे लिहिलं होतं, म्हणजे सगळं हवेतलं नव्हतं. गव्हर्नरला लिहा, कमिटीला लिहा, पण ज्यांचे बूट देवघरात गेले त्यांना? हे मी त्यांना तोंडावर सांगेन. आणि तरी त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी होणार नाही, कारण त्या माणसानं स्वतःला वाचवायला दुसऱ्याचं नाव पुढं केलं नाही. आपल्या फोनवर सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या अब्रूचे मेसेज फिरतायत, खरंखोटं न बघता आपण पुढे पाठवतो, आणि खोटं निघालं की म्हणतो मला ग्रुपवर आलं होतं, अमक्यानं टाकलं होतं. अमक्याचं नाव लगेच देतो आपण.

आणखी एक बोलते, विषय सोडून आहे पण बोलतेच. शाळेत टिळक आणि गोखले शिकवतात ते कुस्तीच्या आखाड्यासारखं, एका कोपऱ्यात जहाल, एका कोपऱ्यात मवाळ, आणि पोरांनी ठरवायचं कोण जिंकलं. मी शाळेत शिकवलंय म्हणून सांगते, ह्याच्यानं मुलांचं फार नुकसान होतं. त्यांना मग मवाळ म्हणजे घाबरट एवढंच कळतं. गोखले गेले तेव्हा टिळक स्मशानात बोलले, त्यांना भारताचा हिरा म्हणाले, महाराष्ट्राचं रत्न म्हणाले, जन्मभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याबद्दल. हे मुलांना सांगा ना. आणि वक्तृत्व स्पर्धेत नेत्यांची भाषणं घोकून म्हणायला लावण्यापेक्षा त्यांना नेत्याला प्रश्न विचारायला लावा, अगदी वाकडे प्रश्न विचारू देत.

वेळ कमी राहिलाय, तेव्हा बाकीचं भराभर. मिठाचं विचारीन. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता, आणि 1902 पासून गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ह्यांच्यासमोर, दर बजेटला आकडे मांडून सांगत राहिले की तिजोरीत पैसा उरतोय तो तुमच्या हुशारीनं नाही, गरिबाकडून जास्तीचा घेताय म्हणून उरतोय. 1907 पर्यंत तो कर एक रुपयावर आला. गरिबाच्या भाकरीतलं मीठ स्वस्त झालं, आणि ह्याच्यावर कुणी पोवाडा लिहिला नाही.

आणि शिक्षणाच्या बिलाचं तर विचारणारच. मार्च 1911 मध्ये त्यांनी बिल मांडलं, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता यावं म्हणून. ज्याची कमाई महिन्याला दहा रुपयांच्या आत त्याच्या पोराला फी नाही. खर्चातला एक वाटा नगरपालिका किंवा लोकल बोर्डानं द्यायचा, दोन वाटे सरकारनं. बडोद्यात सयाजीरावांनी सक्ती करून दाखवलीच होती, म्हणजे होत नाही असं म्हणायची सोय नव्हती. तरी मार्च 1912 मध्ये बिल पडलं, तेरा विरुद्ध अडतीस. पडणार हे त्यांना माहीत होतं, भाषणातच म्हणाले, आणि म्हणाले की मी निराश होणार नाही, आमच्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशातूनच करावी लागणार. शिक्षणहक्काचा कायदा लागू व्हायला 2010 चा एप्रिल उजाडला. अडतीस लोकांनी हात वर केले त्याला तोवर अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती. आणि आता पटसंख्या कमी म्हणून गावातली शाळा बंद करतो म्हणतात तेव्हा माझा जीव तुटतो, पट कमी असला तरी ती चार पोरं तर आहेत ना तिथं, त्यांनी ओढा ओलांडून कुठं जायचं?

पण गोपाळराव, मी विचारीन, सक्ती आधी मुलग्यांचीच का? मुलींना नंतर लागू करता येईल अशी सोय ठेवलीत, नंतर का? सावित्रीबाईंनी ह्याच पुण्यात तुमच्या जन्माआधी मुलींची शाळा काढली होती.

ते म्हणतील, बाई, एवढं मागितलं तरी अडतीस जण उलटे गेले.

मी म्हणेन, मग सगळंच मागायचं होतंत, पडायचंच होतं तर. ह्यावर ते काय म्हणतील मला नाही सुचत. तुम्हाला सुचलं तर आकाशवाणीच्या पत्त्यावर कळवा, पोस्टकार्ड चालेल.

दक्षिण आफ्रिकेत 1912 साली गांधीजींनी गोखल्यांच्या उपरण्याला स्वतःच्या हातानं इस्त्री केली होती. ते उपरणं रानड्यांनी दिलेलं, गोखल्यांनी जिवापाड जपलेलं, म्हणून ते गांधीजींना हातच लावू देत नव्हते. ती पूर्ण गोष्ट आज राहिली, पुढच्या भागात सगळ्यात आधी तीच सांगते. नमस्कार.