मुंबईची बातमी, सायगावहून

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवर बोलायचं आहे, तर सुरुवात रेडिओपासूनच करतो.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत असा स्फोट झाला की हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. पण त्याची बातमी जगाला आधी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या, व्हिएतनाममधल्या सायगाव रेडिओनं, दुसऱ्याच दिवशी. आपल्या वार्ताहरांना सेन्सॉरनं मोकळं सोडलं तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला होता. गोदीजवळच्या मांडवीत घरंच्या घरं बसली होती, आणि सरकार म्हणत होतं, याविषयी बोलू नका!

जहाजाचं नाव ‘फोर्ट स्टिकीन’. इंग्लंडहून निघालं तेव्हा त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, शिवाय सोन्याच्या लगडी. कराचीत त्यात रुईच्या गाठी, तेल आणि गंधक चढवलं. चुलीजवळ रॉकेलचा डबा दिसला तरी आपल्या आज्या ओरडायच्या. इथे ओरडणारं कुणी नव्हतं असं नाही, पण लढाईच्या घाईत ऐकतो कोण?

दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंब आले. बंबवाले दोन तास पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटलेल्या रुईचे बोळे वस्तीवर पडत होते, कुठे छपरातून सोन्याची लगड घरात येत होती. ६६ बंबवाले गेले. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो याच माणसांच्या आठवणीसाठी. गोदीतला गाळ उपसताना त्या लगडी पुढे कित्येक वर्षं सापडत होत्या.

हे दुसरं महायुद्ध आपलं होतं का? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयनं हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, ते इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं, आणि रेशन कार्ड नावाची वस्तू आपल्या घरात आली ती अजून गेलेली नाही. तरीही सैन्यात पंचवीस लाख माणसं भरती झाली होती. कुणी पगारासाठी, कुणी बापजाद्यांची वाट म्हणून. त्यांना इंग्रजांचे चाकर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

गोदीच्या स्फोटानंतर तीनच महिन्यांनी, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे सरकत होते. समोरून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे पडले, उभे राहिले एकटे घाडगे. ते मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला.

ते रायगडच्या पळसगावचे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना थांबून बघा. देह मिळालाच नाही, म्हणून नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलंय. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं एक स्मारक उभारलं. ते आहे सूर्यघड्याळ.