जॅकी हीली-रे : कोटा आणि बहुमत, दोन गणितांचा माणूस

आयर्लंडच्या ग्रामीण भागातला अपक्ष खासदार समजून घ्यायचा तर सुरुवात मतपत्रिकेपासून करावी लागते. आपल्याकडे विधान परिषदेला आमदार जसे पसंतीक्रमाने मत देतात, तसे तिथे दॉलसाठी, म्हणजे कनिष्ठ सभागृहासाठी, प्रत्येक मतदार देतो. एका मतदारसंघात तीन ते पाच जागा असतात. वैध मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या आकड्याने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा, की कोटा निघतो. तीन जागा आणि ३६,००० मते असतील तर कोटा ९,००१. एवढी सगळी मते पहिल्या पसंतीची असायलाच हवीत असेही नाही. बाद झालेल्या उमेदवाराच्या मतपत्रिका, तसेच निवडून आलेल्याची कोट्यावरची जादा मते, पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. पक्षाचा निष्ठावान मतदारसुद्धा दुसरी पसंती 'आपल्या भागातल्या' माणसाला देतो, आणि अपक्ष तरतो तो इथेच.

केरी परगण्यातल्या किलगार्वनचे जॅकी हीली-रे १९७३ पासून परगणा परिषदेत होते. फियाना फॉल पक्षासाठी निवडणुका लढवून देण्यात मुरलेला माणूस. १९९७ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा ते दक्षिण केरीतून अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. वय ६६. पक्षाचे बूथ कसे चालतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच बाहेर घालवणे हा पक्षाचा महागात पडलेला निर्णय म्हणायचा.

आता दुसरे गणित. १६६ जागांच्या दॉलमध्ये फियाना फॉल ७७, प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स ४, बेरीज ८१, म्हणजे ८४ च्या बहुमताला तीन कमी. फियाना फॉलचे नेते बर्टी अहर्न यांना सरकार चालवायला बाहेरचा टेकू हवा होता. हीली-रे, मिल्ड्रेड फॉक्स, हॅरी ब्लेनी आणि टॉम गिल्डी या चार अपक्षांनी तो दिला आणि त्या बदल्यात आपापल्या भागाची कामे मागितली. सरकार पाच वर्षे टिकले.

पण हे वजन उसने असते. २००२ मध्ये त्याच दोन पक्षांना ८१ आणि ८ जागा मिळाल्या. हीली-रे पुन्हा निवडून आले खरे, पण सरकारला त्यांची गरज उरली नव्हती. त्यांचे काम तेवढेच, मतदार तेच, किंमत मात्र शून्यावर. २००७ मध्ये पाठिंब्याचा करार पुन्हा झाला, आणि त्याचा हप्ता डिसेंबर २०१० मध्ये फेडावा लागला : आर्थिक संकटातल्या कठोर अर्थसंकल्पाच्या बाजूने मत. पक्षाच्या खासदाराला अशा वेळी व्हिपकडे बोट दाखवता येते. अपक्षाला ती सोय नसते.

मधल्या काळात २००३ च्या कायद्याने खासदाराला परगणा परिषदेत बसण्याची मनाई झाली. जॅकींची परिषदेतली जागा मुलाकडे, डॅनीकडे गेली. २०११ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा दॉलची जागा दुसऱ्या मुलाने, मायकेलने जिंकली. २०१६ मध्ये केरीचा पाच जागांचा एकच मतदारसंघ झाला. मायकेलला पहिल्या पसंतीची २०,००० हून जास्त मते पडली, म्हणजे कोट्यापेक्षा कितीतरी अधिक. एकटाच उभा राहिला असता तर ती जादा मते परक्या उमेदवारांत वाटली गेली असती. डॅनी आयत्या वेळी रिंगणात उतरला होता, त्यामुळे त्यातली बरीच मते घरातच राहिली आणि दोघे भाऊ निवडून आले.