पकडीची धास्ती : किकबॉक्सर आणि एमएमएवाला समोरासमोर आले तर

नमस्कार. किकबॉक्सर, म्हणजे उभ्याने फक्त ठोसे-लाथा मारणारा, आणि एमएमएवाला, म्हणजे त्याबरोबर कुस्ती आणि जमिनीवरच्या पकडीही वापरणारा, यांच्यात कोण जिंकेल, हा वाद कुठेही सुरू झाला की थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, ‘नियम कोणते, त्यावर आहे.’ झालं, वाद संपला. उत्तर बरोबरच आहे. पण नियम बदलले की त्या माणसाच्या अंगात नेमकं काय बदलतं, त्याचा पाय का उचलत नाही, हात का खाली येतात, हे त्या उत्तरातून कळत नाही. आज मला त्याबद्दल बोलायचंय.

दोन खेळाडू धरा. वजन सारखं, दम सारखा, दोघंही आपापल्या खेळात अव्वल. के-वन या जपानी किकबॉक्सिंग स्पर्धेच्या पद्धतीचा किकबॉक्सर तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या खेळतो. हातात आठ किंवा दहा औंसांचे, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी ग्रॅमचे ग्लोव्ह्ज. समोरच्याला धरून ठेवलं की रेफ्री सोडवतो. कुणी पडला की मोजणी सुरू होते, मारणारा बाजूला उभा राहतो. एमएमएची फेरी पाच मिनिटांची, ग्लोव्ह्ज चार औंसांचे, आणि कुणी पडला की तिथून अर्धी लढत सुरू होते.

लोकांना वाटतं, किकबॉक्सर हरतो तो खाली पडल्यावर. माझं म्हणणं असं की तो त्याच्या बराच आधी हरायला लागतो. समोरचा आपला पट काढू शकतो, एवढं डोक्यात शिरलं की त्याची लाथ आखडते. बरगड्यांवरची लाथ मारायची तर एक पाय पूर्ण हवेत आणि सगळा भार दुसऱ्यावर. ती लाथ समोरच्याने काखेत धरली की उभं राहायला एकच पाय उरतो. किकबॉक्सिंगमध्ये धरलेला पाय लगेच सोडावा लागतो, म्हणून तिथे ही लाथ बिनधास्त मारता येते. एमएमएत ती जुगार होते. मग तो उभा राहण्याची पद्धतच बदलतो. ताठ, पुढचा पाय हलका ठेवणारा माणूस पाय फाकवून खाली बसल्यासारखा उभा राहतो, कारण तसं उभं राहिल्याशिवाय पाय धरायला येणारी झेप अडवता येत नाही. पण पुढच्या पायावर भार आला की समोरच्याची लो किक, म्हणजे मांडीवरची लाथ, नडगीवर घेणं अवघड होतं. मांडीशी येणाऱ्या झेपेसाठी हात खाली आणावे, तर जबडा उघडा पडतो. प्रतिस्पर्ध्याने अजून काहीच केलेलं नसतं, आणि याची निम्मी हत्यारं म्यान झालेली असतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे किकबॉक्सर मिर्को ‘क्रो कॉप’ आणि जमिनीवरच्या पकडींत तरबेज अँतोनियो रॉड्रिगो नोगेरा. नोव्हेंबर 2003, टोकियो डोम, प्राइड या जपानी एमएमए स्पर्धेची लढत. प्राइडची पहिली फेरी दहा मिनिटांची असायची. क्रो कॉप के-वनच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी खेळलेला माणूस. ती दहा मिनिटं पूर्णपणे त्याचीच. नोगेरा खाली ओढू बघतोय, हा निसटतोय आणि मारतोय. फेरी संपता संपता त्याने डाव्या लाथेने नोगेराला आडवंही केलं. दुसऱ्या फेरीत नोगेराने एकदाच, फक्त एकदाच, त्याला खाली नेलं. दोन मिनिटांच्या आत आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारी पकड, लागला आणि क्रो कॉप हरला. दहा मिनिटांची कमाई एकदा खाली पडण्यात गेली. एमएमएत किकबॉक्सरला प्रत्येक झेप अडवावी लागते. पकडणाऱ्याला एक साधली तरी पुरते.

मग काय, किकबॉक्सरने हा नाद सोडावा? तसंही नाही. मॉरिस स्मिथ आठवा. 27 जुलै 1997, यूएफसी या अमेरिकी एमएमए स्पर्धेचा चौदावा कार्यक्रम, समोर मार्क कोलमन. कोलमन ऑलिंपिकमध्ये खेळलेला कुस्तीगीर आणि त्या वेळचा अजिंक्य हेवीवेट विजेता. स्मिथला किकबॉक्सिंगमध्ये मोठं नाव होतं, पण कोलमनखाली तो चिरडला जाणार, अशीच बहुतेकांची खात्री. कोलमनने त्याला खाली पाडलंच. स्मिथची तयारी मात्र त्याच्या पुढची होती. कुस्तीगीराला कुस्तीत हरवायचा त्याने प्रयत्नच केला नाही. खाली पडल्यावर मार कसा चुकवायचा, वरच्याला कसं दमवायचं आणि परत उभं कसं राहायचं, एवढंच तो शिकून आला होता. कोलमनचा श्वास संपला, कंबरेवर हात आले, आणि मग स्मिथने त्याला उभ्याने लाथा घातल्या. एकवीस मिनिटांनी पंचांनी कौल दिला, विजेता किकबॉक्सर. माझ्या मते या सगळ्या वादातली ही सर्वांत महत्त्वाची लढत आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पडण्याची भीती गेली की लाथ परत येते, हे स्मिथने तिथे दाखवून दिलं.

हॉली होमचं तेच. 15 नोव्हेंबर 2015, मेलबर्न, यूएफसीचीच लढत. रोंडा राउझी ज्युदोची ऑलिंपिक पदकविजेती, तोवर एकही लढत न हरलेली. होम बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंगमधून आलेली. राउझी सरळ रेषेत अंगावर येत राहिली आणि होम बाजूला सरकत तिला डावा ठोसा देत राहिली. एकदा क्लिंचमध्ये, म्हणजे उभ्याउभ्याच्या पकडीत, सापडली, तिथूनही सुटली. दुसऱ्या फेरीत मानेवर डावी लाथ, खेळ खलास.

आता उलट बाजू. एमएमएवाला किकबॉक्सिंगच्या रिंगमध्ये आला तर? त्याचा जाच वेगळा. ज्या झेपेच्या धाकावर तो समोरच्याला दबकवत होता, तो धाकच काढून घेतलेला असतो. दमला तर एमएमएसारखं पिंजऱ्याच्या जाळीला टेकून, समोरच्याला मिठी मारून श्वास घेता येत नाही. मोठ्या ग्लोव्ह्जच्या आडून किकबॉक्सर चार-पाच फटक्यांची माळ लावतो आणि शेवटचा फटका मांडीवर घालतो. एमएमएत एवढी लांब माळ सहसा लागत नाही, कारण मध्येच कुणीतरी कुणालातरी धरतं. त्यामुळे पहिले दोन ठोसे चुकवून ‘झालं’ असं वाटण्याची सवय त्याला नडते.

तरी अपवाद आहेत. अ‍ॅलिस्टर ओव्हरीम 2010 साली स्ट्राइकफोर्स या एमएमए स्पर्धेचा हेवीवेट विजेता होता, आणि त्याच वर्षी त्याने किकबॉक्सर पीटर आर्ट्सला हरवून के-वनची जागतिक स्पर्धा जिंकली. प्राइडमध्येही लढणाऱ्या बॉब सॅपचं प्रकरण तर गमतीचं. कलाकुसर जवळपास नाही, नुसतं अवाढव्य शरीर. त्याने 2002 मध्ये के-वनचा विजेता किकबॉक्सर एर्नेस्टो हूस्टला के-वनमध्येच दोनदा हरवलं. दुसऱ्या वेळी त्याचा हात दुखावला, तो स्पर्धेबाहेर गेला, त्याच्या जागी हरलेला हूस्टच परत आला आणि विजेतेपद घेऊन गेला. या लढतींवरून शास्त्र कुणी रचू नये.

दोघांना अर्धा-अर्धा न्याय द्यायचा प्रयोगही झाला आहे. 26 मार्च 2022, सिंगापूर. एमएमएवाला डेमेट्रियस जॉन्सन विरुद्ध थायलंडचा मुआय थायवाला रॉडतांग. फेऱ्या तीन मिनिटांच्या, पहिली मुआय थायच्या, म्हणजे ठोसे-लाथा-कोपर-गुडघ्यांच्या थाई खेळाच्या, नियमांनी, दुसरी एमएमएच्या, पुढे तशीच आलटून पालटून. पहिल्या फेरीत जॉन्सनने मार खाल्ला, पण तग धरला. दुसऱ्या फेरीत त्याने रॉडतांगच्या पाठीवर जाऊन गळा आवळला. नियम समान वाटले, तरी तोल एका बाजूला झुकलेलाच होता. उभ्याने लढण्यात कमी पडणारा तीन मिनिटं बचाव करू शकतो. जमिनीवरचं काहीच न येणाऱ्याला तीन मिनिटं काढणं फार कठीण.

किकबॉक्सिंगमधून एमएमएत आलेल्या अलेक्स परेरा आणि इस्राएल अडेसान्याबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, म्हणून आधीच सांगतो. किकबॉक्सिंगमध्ये परेराने अडेसान्याला दोनदा हरवलं, 2016 आणि 2017 मध्ये. नोव्हेंबर 2022 मध्ये यूएफसीत भेटले तेव्हा तिसऱ्या फेरीत अडेसान्याने काय केलं? परेराला खाली पाडून त्याच्यावर बसला. दोघंही मुळात किकबॉक्सर, पण पकडायची मुभा मिळताच एकाने ती वापरली. पाचव्या फेरीत परेराने त्याला उभ्यानेच संपवलं, हे खरं. एप्रिल 2023 मध्ये अडेसान्याने दुसऱ्या फेरीत त्याची परतफेड केली, तीही ठोशांनीच.

तर पैज लावायची झाली तर माझी अशी. एमएमएचे नियम आणि किकबॉक्सर कालपर्यंत फक्त किकबॉक्सिंगच खेळलेला, तर मी डोळे झाकून एमएमएवाल्यावर लावीन. तो वर्ष-दोन वर्षं फक्त खाली पडून उठायला शिकला असेल, तर पहिल्या फेरीनंतर विचारा. आणि किकबॉक्सिंगचे नियम असतील, तर किकबॉक्सरवर. समोर ओव्हरीम असेल, तर मात्र पैसे खिशातच ठेवीन. आता तुमचे प्रश्न घेऊ या.