गुळव्याची गोळी आणि आपली रविवारची शाळा

नमस्कार मंडळी. मागून तांबड्या रश्श्याचा वास सुटलाय, तेव्हा लांबण लावत नाही.

आपल्या रविवारच्या मराठी शाळेवरून पालकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, पोरांना खेळू द्या, त्यांचं ती शोधतील. दुसरा म्हणतो, आधी बाराखडी घोटून घ्या. भांडण जुनंच आहे. १९६१ साली मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी मांडलं, की स्वतः शोधलेलं जास्त टिकतं. पुढे २००४ मध्ये क्लार आणि निगम या संशोधकांनी तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायला लावले. तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ज्यांना नीट समजावून दिलं, त्यांच्यातल्या ७७ टक्के मुलांना ते जमलं. आपापलं शोधणाऱ्यांत २३ टक्के. गंमत अशी, की या २३ टक्क्यांतली मुलंही पुढे तेवढीच चांगली निघाली. अडचण एवढीच, की बाकीची वाटेतच राहिली.

मला यावरून आमच्या कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ आठवतं. काहिलीत रस रटरटतोय, आणि मी दर पाच मिनिटांनी विचारतेय, "काका, उतरवायची?" गूळ शिजवणाऱ्या गुळव्या काकांनी वाटीत गार पाणी घेतलं, रसाचा थेंब सोडला, बोटांनी वळला. "ही बघ, पसरती." थोड्या वेळानं दुसरा थेंब. "आन् ही बघ, गोळी झाली. आता उतरवायची." दोन्ही माझ्याच चिमटीत दिले. 'तूच शोध' म्हणाले असते, तर कुणाच्या तरी उसाचा अख्खा गूळ बिघडला असता! पुढच्या हंगामात मात्र वाटी माझ्याकडं सरकवली. "तू सांग बघू." आणि स्वतः विडी ओढत बसले.

बोलणं पोरं आजीच्या मागं फिरून उचलतात. लिपीचं तसं नसतं. 'क्ष'मध्ये 'क' आणि 'ष' दडलेत, हे कुठलं पोर आपण होऊन शोधणार? नवख्याचं डोकं एका वेळी थोडंच धरतं, ते धुंडाळण्यातच भरून जातं. म्हणून माझं मत, जोडाक्षरं फळ्यावर फोडून दाखवा, चार-पाच शब्द सोबत सोडवा. मग एके रविवारी आमच्या कोल्हापुरातल्या 'लक्ष्मीपुरी'च्या पाटीचा फोटो पुढं ठेवा आणि गप्प बसा.

गप्प बसणं आपल्यातल्या किती जणांना जमेल, ते बघू.