तक्रार क्रमांक तोच : जालन्यातल्या एका हेल्पडेस्कचं स्थलांतर

[पडदा काळा. फक्त पंख्याची घरघर. हळूहळू हिरवे दिवे दिसू लागतात.]

हा आवाज सर्व्हरचा आहे. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत, जिन्याखालच्या खोलीत, तो २०१० पासून सुरू आहे. मधे एकदा मशीन बदललं, आवाज राहिला. खाली यूपीएसच्या बॅटऱ्या, भिंतीत एसी, आणि एसीचा भरवसा नाही म्हणून दारात कूलर. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी लाइट गेली की वॉचमन काका आधी या खोलीचं दार सताड उघडतात आणि मगच जनरेटरकडे वळतात.

[काका दाराला वीट लावताना.]

या मशीनमध्ये तक्रारी आहेत. शेतकरी फोन करतो, दुकानदार मेल टाकतो, फील्डवरचा माणूस बांधावरून फोटो पाठवतो. ते सगळं इथं येतं आणि त्याला एक नंबर मिळतो. त्या नंबराला इथं सगळेच टिकीट म्हणतात, फोनवरचा शेतकरीसुद्धा.

[संगणकाचा पडदा. मजकूर वर सरकतो आहे.]

थोडं थांबून वाचा. ‘निघालं नाही.’ ‘मोड आला नाही.’ ‘तासं खाली आहेत.’ ‘वाफसा होता, तरी.’ कंपनीच्या फॉर्ममध्ये या सगळ्यासाठी एकच शब्द आहे : उगवणक्षमता. पण हेल्पडेस्कवर बसणाऱ्या ताई पहिल्या दिवसापासून शेतकरी जे बोलतो तेच टाइप करत आल्या. ‘तासं खाली’ म्हणजे मधे मधे ओळी रिकाम्या, आणि ‘निघालं नाही’ म्हणजे काहीच वर आलं नाही. या दोन तक्रारींची कारणं वेगळी असू शकतात, आणि तो फरक फॉर्ममधल्या शब्दात मावत नाही.

२०२४ चा उन्हाळा. आता हे सगळं इथून हलवायचं आहे. मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७. तिला ३० जून २०२४ नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. तक्रारी साठवून ठेवणारा डेटाबेस त्याहून जुना. नवी जागा मुंबईत, भाड्यानं घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटर २०१६ पासून सुरू आहेत, त्यामुळे तक्रारी देशाबाहेर जाणार नाहीत. सॉफ्टवेअर तेच राहील, फक्त त्याचं घर बदलेल.

तारीख ठरवताना कॅलेंडरपेक्षा पंचांग आधी बघितलं गेलं. मृग लागतो जूनच्या सात-आठ तारखेला. पेरण्या झाल्या की आठवडाभरात फोन सुरू होतात. तोवर सगळं जागेवर हवं.

[बैठकीची खोली. काचेपलीकडून टिपलेलं.]

सुरुवातीचा बेत सोपा होता. जुन्या तक्रारी इथंच ठेवायच्या आणि नव्या जागी एक नंबरापासून सुरुवात करायची. वेळ वाचेल, भाडंही कमी पडेल. ताईंनी नाही म्हटलं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या होत्या, आणि औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. ती झाली नाही असं शेतकऱ्याचं म्हणणं असेल, तर तालुक्याची समिती शेतात येते, पंचनामा करते. तिथं बॅगेचा टॅग लागतो, बिल लागतं, लॉट नंबर लागतो. आणि आपण कंपनीला कोणत्या दिवशी कळवलं होतं, हे सांगायला शेतकऱ्याच्या हातात टिकिटाचा एवढा एकच आकडा असतो. तो आकडा टाकल्यावर समोर काहीच आलं नाही, तर त्यानं काय करायचं?

जुनं सगळं न्यायचं ठरलं.

[रात्र. दोघं जण एका पडद्यासमोर. चहाचे कागदी कप.]

ही पहिली चाचणी. जुन्या डेटाबेसची प्रत काढून मुंबईच्या मशीनवर चढवली. तिथं उघडल्यावर जे दिसलं ते हे.

[पडद्यावर अगम्य चिन्हांच्या रांगा. पाच सेकंद निवेदन नाही.]

मराठी गेलेली नाही. ती चुकीच्या पद्धतीनं वाचली जाते आहे. २०१० साली एका इंजिनिअरिंगच्या मुलानं हे सॉफ्टवेअर बांधलं तेव्हा मायएसक्यूएल या डेटाबेसचा मूळ अक्षरसंच लॅटिन होता, त्यात एका अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणीची एक जागा. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हासाठी तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. ‘सोयाबीन’ लिहिताना आपल्याला चार अक्षरं दिसतात. डेटाबेसच्या लेखी ती सात चिन्हं, म्हणजे एकवीस बाइट. जुन्या तक्त्यानं ही एकवीस वेगवेगळी परदेशी अक्षरं समजून ठेवून घेतली. वाचतानाही तीच चूक उलटी व्हायची, त्यामुळे पडद्यावर मराठी नीट दिसायची. चौदा वर्षं कोणाला कळलं नाही, कारण कळायचं काही कारणच नव्हतं. मुंबईचा नवा डेटाबेस पहिल्यापासून युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंचाचा. त्यानं ती एकवीस अक्षरं जशीच्या तशी दाखवली.

उपाय असा, की तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याला आधी सांगायचं, तुझ्यात मजकूर नाही, नुसते बाइट आहेत. मग दुसऱ्या पायरीला सांगायचं, हे बाइट युनिकोडचे आहेत. मधे काही बदलायचं नाही. सरळ एका उडीत रूपांतर करायला गेलं तर चूक पक्की होते.

[पडदा. चिन्हांच्या जागी मराठी. ताईंचा चेहरा.]

पण काही ओळी डेटाबेसनं नाकारल्या. हा भाग आम्ही तीन रात्री टिपला, तो इथं थोडा सविस्तर दाखवतो आहोत.

तक्रारीच्या विषयाचा रकाना २५५ बाइटचा होता. इंग्रजीत २५५ अक्षरं. मराठीत तीनानं भागा : पंच्याऐंशी चिन्हं, त्यातही काना-मात्रा धरून. शेतकऱ्याचं म्हणणं त्यापुढं गेलं की ओळ तुटायची. मधे स्पेस किंवा आकडा आला असेल तर हिशोब सरकायचा, आणि कधी कधी शेवटच्या चिन्हाचा एखादाच बाइट आत राहायचा. असं अर्धवट चिन्ह नवा डेटाबेस घेत नाही. अशा ओळींची यादी निघाली. यंत्रानं शेपूट कापून टाकता आलं असतं, काम मिनिटाभराचं. ताई बसल्या. तक्रारीचा आतला मजकूर मोठ्या रकान्यात होता, तो पूर्ण होता. त्यातून वाचून त्यांनी एकेक विषयाची ओळ हातानं पुरी केली.

[ताईंची बोटं. वहीवर टिकिटांचे नंबर, पुढं बरोबरची खूण.]

शुक्रवारी, १० मे, अक्षय तृतीया. संध्याकाळी फोन बंद झाले आणि मोठी प्रत निघाली. मजकूर हलका असतो, वजन फोटोंचं. २० एमबीपीएसच्या लाइनवरून १०० जीबी पाठवायला अकरा तास लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. शनिवार-रविवार दोन्हीकडच्या नोंदी मोजल्या, प्रत्येक वर्षातली काही टिकिटं उघडून जुळवली.

सोमवारी, १३ मे, लोकसभेचं मतदान. सुट्टी. सकाळी सातलाच रांगेत उभं राहून, पहिल्या चाचणीच्या रात्री पडद्यासमोर बसलेले ते दोघंही ऑफिसात आले.

[जवळून : कीबोर्ड, डाव्या तर्जनीवर शाईची ताजी रेघ.]

डीएनएसमधला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतला, जुना पत्ता पुसून नवा लिहिला जातो आहे. जुना पत्ता इतरांनी लक्षात ठेवायची मुदत आधीच पाच मिनिटांवर आणून ठेवली होती, म्हणून बदल लगेच पसरला. मग मेल खरंच आपल्याकडूनच गेली हे पटवणाऱ्या नोंदी, एसपीएफ आणि डीकेआयएम. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं हे नियम कडक केले आहेत. त्या नसत्या तर दुकानदारांना जाणारी उत्तरं स्पॅममध्ये पडली असती.

रात्री सर्व्हरवर लक्ष ठेवणारी दोन कंत्राटी मुलं होती. एकाला गोडाऊनला घेतलं, दुसरा गावी गेला.

[जिन्याखालची खोली. काका एसी बंद करतात. घरघर थांबते.]

डिस्क काढून कपाटात ठेवल्या, किल्ली ताईंकडे.

[जून. खिडकीबाहेर पाऊस. हेडफोन लावलेल्या ताई.]

पहिला फोन बदनापूर तालुक्यातून आला. शेतकऱ्यानं मागच्या वर्षीचा नंबर सांगितला, ताईंनी टाकला, तक्रार उघडली. नवीन तक्रारीला पुढचा नंबर मिळाला. विषयाची ओळ त्या टाइप करत आहेत, आणि ती अजून संपलेली नाही.