दोन गाण्यांमधली जागा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा गळा चार लोकांच्या नजरेत भरला की दोन-तीन वर्षांत एक वेळ हमखास येते. कार्यक्रमाचे संयोजक म्हणतात, "गाणे तर तुम्हीच म्हणायलात, मग निवेदन बी तुम्हीच करून टाका ना." कुणी हौशी नाटकवाला पदं असलेली भूमिका पुढे करतो. कुणी मालिकेच्या निवडीचा निरोप आणतो. नाही म्हणवत नाही, आणि तयारी तर काहीच झालेली नसते. आजचं बोलणं आहे ते या तयारीबद्दल. गाणारा माणूस जेव्हा रंगमंचावर, कॅमेऱ्यासमोर किंवा निवेदकाच्या जागी उभा राहतो, तेव्हा नेमकं काय बदलतं, कुठे चुकतं आणि ते दुरुस्त कसं करायचं.

पहिली गोष्ट कानाची. गाताना आपला कान जागा असतो. सूर उतरला की लगेच कळतं, लय पुढे पळाली की कळतं. गाणं संपून बोलणं सुरू झालं की तोच कान झोपी जातो. बोलतानाही आपल्याला एक सूर असतो, एक लय असते, आणि ती बिघडते, हे लक्षातच येत नाही.

हा बोलण्याचा सूर शोधायचा कसा? पेटी समोर घ्या. कुणीतरी काही विचारलं आणि आपण सहज "हं" म्हणालो, असं म्हणून बघा, आणि तो "हं" कुठल्या पट्टीवर पडतो ते पाहा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज (सा) धरून, गाणाऱ्या पुरुषाचा हा सूर बहुतेकदा मंद्र पंचम-धैवताच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प-धच्या, आसपास असतो. काळी चार किंवा पाचमध्ये गाणाऱ्या बाईचा तिच्या षड्जाजवळ, नाहीतर त्याच्या एक-दोन सूर खाली. आता होतं काय, की एखादं चढं गाणं तार, म्हणजे वरच्या, सप्तकात संपतं, टाळ्या पडतात, आणि निवेदनाचं पहिलं वाक्य त्याच चढ्या आवाजात निघतं. समोर गर्दी, बाजूला जनरेटरची घरघर. आवाज आणखी चढतो. मध्यंतरापर्यंत घसा बसतो, आणि दोष दिला जातो धुळीला नाहीतर थंड पाण्याला. धुळीचा त्रास असतोच, उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, हेही खरं. पण पहिलं कारण चढ्या सुरात बोलणं हेच. उपाय साधा आहे. गाण्याचा शेवटचा ठेका थांबेपर्यंत थांबा, नाकाने एक श्वास घ्या, आणि पहिला शब्द आपल्या "हं"च्या सुरावर टाका. पुढची वाक्यं त्याच्या मागे येतात.

गाणं, अभिनय आणि निवेदन एकाच माणसानं करायचं, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. गोंधळ आठवा. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा. पूर्वरंगात देवतांना आवाहन होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, एक कडवं म्हणतो आणि तिथल्या तिथे गद्यावर उतरतो. त्या क्षणी संबळ पूर्ण थांबत नाही. वाजवणारा हात हलका करतो, तुणतुणं सुरू राहतं, आणि नाईकाचे शब्द त्या लयीवर चालत राहतात. तेवढ्यात शेजारचा साथीदार विचारतो, "मग?" किंवा "मग काय झालं म्हणता?" प्रेक्षकाला वाटतं, ही गंमत आहे. गंमत आहेच, पण त्या प्रश्नानं नाईकाला दोन-तीन सेकंदांचा श्वास मिळतो आणि पुढच्या कडव्याचा सूर मनात धरता येतो. आजच्या वाद्यवृंदात हे काम ढोलकीवाला किंवा की-बोर्डवाला सहज करू शकतो. आधी ठरवून ठेवा, की अमुक वाक्याला त्यानं एक प्रश्न टाकायचा.

पैठणच्या एकनाथांची भारुडंही याच जातीची. वासुदेव, जोशी, भुत्या, आंधळा अशी सोंगं घेऊन ती सादर होतात, आणि गाणाऱ्याला प्रत्येक सोंगाचा आवाज वेगळा काढावा लागतो. अभिनयाची पहिली शाळा हवी असेल, तर एक भारूड घ्या आणि महिनाभर रोज आरशासमोर करा. चाल तीच ठेवा, सोंग बदला.

आता नाटकाकडे येऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगमंचावर आलं, तिथपासून मराठी नटाला गाता येणं ही गरज झाली. संगीत नाटकातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पद उचलणं. संवादाचं शेवटचं वाक्य सुरू होतं तेव्हा ऑर्गनवाला हळूच षड्ज देतो. नटानं तो ऐकत ऐकत वाक्य संपवायचं, म्हणजे शेवटच्या शब्दाचा सूर षड्जाशी मिळतो आणि पद संवादातून उगवल्यासारखं वाटतं. नवखे गायक इथे दोन चुका करतात. एक, वाक्य संपवून थांबतात, घसा साफ करतात, आणि मग सुरुवात करतात. तेवढ्यात प्रसंग थंड पडतो. दुसरी चूक मोठी आहे. पद सुरू झालं की भूमिका सुटते. समोरच्या पात्राकडे पाठ होते, डोळे मिटतात, डावा हात कानाकडे जातो, उजवा मांडीवर ताल धरतो. तुम्ही त्या घडीला रागावलेला बाप असता किंवा वाट बघणारी बायको असता, आणि प्रेक्षकाला दिसतो मैफलीतला गवई. तालमीत दोन्ही हातांना काम द्या. तांब्या, पदर, काठी, काहीही चालेल. हात गुंतले की ताल आपोआप पायाच्या अंगठ्यात उतरतो, आणि तिथे तो कुणाला दिसत नाही.

पहिली भूमिका निवडताना पात्रच गाणारं असेल तर फार सोपं जातं. 1967 च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले. तो माणूस गवईच आहे, त्यामुळे त्याच्या गाण्याला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. 2015 साली याच नाटकावरून चित्रपट झाला, आणि शंकर महादेवन त्यात पंडितजींच्या भूमिकेत आले, तेही गवयाच्याच. आपल्या गल्लीत खेळ सुरू करण्यात कमीपणा काहीच नाही.

पडद्याचं मात्र गणित निराळं. याचं मोठं उदाहरण बालगंधर्वांचं. मराठी रंगभूमीवरचा एवढा लाडका गायक-नट, आणि 1935 साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा'त त्यांनी भूमिका केली ती आपल्या पैठणच्या नाथांचीच. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. पण प्रभातबरोबरची ती भागीदारी एका चित्रपटावरच थांबली. नाटकात त्यांचं पद 'वन्स मोअर'वर फुलायचं, समोरच्या श्रोत्याच्या दादेवर वाढत जायचं. स्टुडिओत दाद नसते, आणि कॅमेरा तुकड्या-तुकड्यांनी काम मागतो. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, प्रभातनंच 'संत तुकाराम' केला. त्यात विष्णुपंत पागनीस होते. तेही रंगभूमीवरचे, तेही गाणारे, तेही एकेकाळी स्त्रीभूमिका करणारे. हा चित्रपट पुढे व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. पागनीसांचं गाणं पाहा: स्वतःशीच म्हणावं तसं अभंग म्हणतात. कुणाला ऐकवायचं आहे, असा आवच नाही. कॅमेऱ्याला तेवढंच पुरतं.

आज चित्रपटातलं गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्यानं वाजवून त्यावर ओठ हलवायचे असतात. गाणाऱ्यांना वाटतं, आपलंच गाणं आहे, त्यात काय. पण तीच मंडळी चुकतात, कारण ती दर वेळी हरकत, म्हणजे सुरांची छोटी सजावट, थोडी वेगळी घेतात. ध्वनिमुद्रणातली हरकत आता बदलत नाही. म्हणून ते गाणं दुसऱ्या कुणाचं आहे असं समजून, श्वासाच्या जागांसकट पाठ करा. नुसते ओठ हलवू नका, खरंच गा. गळ्याच्या शिरा, छातीचा भाता आणि जबडा हलत नसेल तर खोटेपणा लगेच दिसतो. ओळीच्या आधीचा श्वासही कॅमेऱ्यात दिसला पाहिजे. संथ गतीचं दृश्य असेल तर आणखी एक अडचण येते. कॅमेरा सेकंदाला 25 ऐवजी 50 चौकटी टिपतो, म्हणून चित्रीकरणात गाणं दुप्पट वेगानं वाजवतात आणि तुम्हालाही ओठ दुप्पट वेगानं हलवावे लागतात. चेहरा मात्र निवांत ठेवायचा! याचा सराव घरी मोबाइलवर गाणं दुप्पट वेगानं लावून करता येतो.

आता निवेदन. गायकाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं ते हेच, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. अडीच तासांचा कार्यक्रम म्हणजे 150 मिनिटं. गाणी 20, प्रत्येकी 5 मिनिटं, झाली 100. मध्यंतर 15. उरली 35. त्यातली 15 सत्काराला जातातच; हार, शाल, श्रीफळ आणि आयत्या वेळी वाढलेली दोन नावं. राहिली 20 मिनिटं, म्हणजे एका गाण्यामागे एक मिनिट. मराठीत स्वच्छ बोलायचं तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. तबलजी तबला बदलेल तेवढी जागा सोडून 100 शब्दच लिहा. सात-आठ वाक्यं. गाण्याचा सगळा इतिहास त्यात बसत नाही आणि बसवूही नये. एक गोष्ट सांगा, ती नीट सांगा, आणि शेवटच्या वाक्यात गाण्याचं नाव येऊ द्या, म्हणजे वादकांना इशारा मिळतो.

लिहायचं ते हाताच्या तळव्याएवढ्या जाड कार्डांवर. फुलस्केप कागद वाऱ्यावर फडफडतो आणि हात थरथरला की सगळ्या सभागृहाला दिसतो. प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात मोठा आकडा घाला. कार्डं पडली तर पाच सेकंदांत लावता आली पाहिजेत. पाहुण्यांची नावं ज्यांची त्यांना विचारून, उच्चारतात तशी लिहा.

माईकची गोष्ट तर फारच महत्त्वाची. गाण्याच्या माईकवर साउंडवाल्यानं इको ठेवलेला असतो. गाण्याला तो शोभतो, पण त्याच माईकवर बोललं की शब्दावर शब्द चढतो आणि मागच्या रांगेला काहीच कळत नाही. म्हणून बोलण्यासाठी दुसरा माईक मागा, त्यावर इको अजिबात नको असं सांगा, आणि त्याला रंगीत टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. दुसरा माईक नसेल तर साउंडवाल्याशी हाताची खूण ठरवा. माईक तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका. अगदी समोर धरला की प, फ, भ यांचा फुत्कार स्पीकरमधून धपधप येतो. आणि जाळीभोवती मूठ आवळू नका. जाळीमागच्या फटी झाकल्या की माईक चहूकडचा आवाज घेतो, मॉनिटरचाही, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचाही, आणि मग ती कान फाडणारी शिट्टी सुरू होते.

उच्चारांबद्दल एक निरीक्षण. दिवसभर हिंदी गाणी म्हणणाऱ्यांच्या मराठीत 'च' आणि 'ज' बदलून जातात. आकड्यातला 'चार' आणि गुरांचा 'चारा' यांतला 'च' एक नाही. 'जरा थांबा'मधला 'जरा' आणि म्हातारपणाची 'जरा' यांतला 'ज'ही वेगळा. कान लावला तर पटकन सुधारतं. आपल्या बोलीचा हेल मात्र घासून काढू नका. "काय करायलास?" हा नांदेड-परभणीचा सूर भूमिकेत सोन्यासारखा असतो, आणि शहरी नटाला तो सहजी साधत नाही. निवेदनात प्रमाण मराठी बोलता यावी, आणि गावच्या प्रेक्षकाशी दोन वाक्यं बोलीत बोलताना अडखळायला होऊ नये. दोन्ही तयार ठेवा.

टीव्हीच्या पडद्यावर गायकानं सूत्रसंचालन करणं हे देशभर ओळखीचं झालं ते 1995 साली, सोनू निगम यांनी झी टीव्हीवरचा 'सा रे ग म' हा गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा. आपल्या लातूरचा रोहित राऊत मराठी 'लिटिल चॅम्प्स' या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतून घराघरांत पोहोचला, आणि 2021 च्या पर्वात तो आणि त्याचे चार सोबती परीक्षकांच्या जागी बसले. गायक सूत्रसंचालकाचा मोठा फायदा हा, की स्पर्धक कुठे अडखळला ते त्याला परीक्षकांच्या आधी कळतं, आणि त्या पोराला सावरायला एक वाक्य पुरतं.

इथे कानाची परीक्षा सगळ्यात कडक होते. कानात टॉकबॅक असतो, म्हणजे नियंत्रण कक्षातून सूचना देणारं यंत्र. तुम्ही बोलत असता आणि आतून आवाज येतो, "वीस सेकंद भर, पुढचा स्पर्धक तयार नाही." ते ऐकून वाक्य तुटता कामा नये, आणि डोळे वर जाता कामा नयेत. सराव असा: एका कानात इअरफोन लावून बातम्या ऐका आणि त्याच वेळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचा. मग बातम्यांतल्या तीन गोष्टी सांगून बघा. पहिल्या आठवड्यात एकही आठवत नाही. पंधरा-वीस दिवसांनी दोन येतात. कॉलर माईक असेल तर तो छातीवर, हनुवटीपासून साधारण एक वीत खाली येतो. तिथे मंगळसूत्र, ठुशी किंवा कडक काठाची पैठणी घासली की प्रत्येक श्वासाला खरखर ऐकू येते. दागिना बदला किंवा टेपनं चिकटवून घ्या. त्या माईकवर गाण्याचा आग्रह आला तर हातातला माईक मागून घ्या, संकोच करू नका.

निवडीसाठी हल्ली मोबाइलवर काढलेली क्लिप मागवतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, उजेड समोरून; खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो. पंखा बंद. नाव, वय, उंची, गाव सांगा, मग समोरून, डावीकडून, उजवीकडून चेहरा दाखवा. त्यानंतर मिनिटभराचा संवाद, आणि त्याच्यानंतर गाण्याच्या दोन ओळी, बिनसाथीच्या. गायक मंडळी उलट करतात, आधी तीन मिनिटं गातात. बघणारा तोवर पुढच्या क्लिपकडे गेलेला असतो. आणि शेवटचा सूर सोडल्यावर दोन सेकंद तसेच, त्याच नजरेनं थांबा. फोन बंद करायला पुढे येणारा हात क्लिपमध्ये दिसू देऊ नका.

नमस्कार.