तिकिटावरचं एक अक्षर

(दृश्य: लातूर, औसा रोडवरचं एक ट्रॅव्हल ऑफिस. दुकान नुकतंच उघडलंय. काउंटरवर तिकिटाचा छापील कागद, त्यावर पेनानं गोल केलेलं एक अक्षर.)

विमानाच्या तिकिटावर नाव असतं, तारीख असते, वेळ असते, सामान किती किलो न्यायचं ते असतं. आपण तेवढं वाचतो आणि कागद घडी करून खिशात घालतो. पण त्याच कागदावर, विमानाच्या क्रमांकाशेजारी, इंग्रजी वर्णमालेतलं एक सुटं अक्षर छापलेलं असतं. के, क्यू, एल, व्ही, वाय, काहीही असू शकतं. उद्या तारीख बदलायची झाली, वरच्या वर्गात बसायचं झालं, तिकीट रद्दच करायचं झालं, तर किती पैसे जाणार आणि किती परत येणार, हे बरंचसं या अक्षरावर अवलंबून असतं.

मराठवाड्यात मोबाइलवर तिकीट काढणारे वाढलेत, हे खरं. तरी पोरगं पहिल्यांदा जर्मनीला शिकायला निघालं, आई-वडील उमराहला निघाले, लेकीच्या बाळंतपणाला आई अमेरिकेला निघाली, की पावलं ओळखीच्या एजंटकडेच वळतात. लातूर असो, नांदेडचा वजिराबाद असो, नाही तर छत्रपती संभाजीनगरचं उस्मानपुरा. घरातल्या पाच-सहा जणांचं मिळून ठरतं आणि पैसे मोजून दिले जातात. म्हणून या दुकानांत काय चालतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

(दृश्य: काउंटरसमोर एक वयस्कर गृहस्थ. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी.)

"दादा, पोराचा व्हिसा लांबलाय. तिकीट पुढं ढकलायचंय. किती लागतेत?"

"बसा काका. आधी कुठल्या क्लासचं हाय ते बघू."

"इकॉनॉमीचंच हाय की."

"इकॉनॉमीतबी लई क्लास असतेत, काका."

काकांच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटतो, तो बहुतेक प्रवाशांचा आहे. एसटीत सवलती सोडल्या तर शेजारी बसलेल्या दोघांनी सारखंच भाडं दिलेलं असतं. विमानात तसं नसतं. सीट तीच, जेवण तेच, खिडकीही तीच, पण एकानं दुसऱ्याच्या दुप्पट पैसे मोजलेले असू शकतात. डोळ्यांना दिसते ती केबिन: इकॉनॉमी, बिझनेस, फर्स्ट. त्या प्रत्येक केबिनच्या पोटात अक्षरांचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याचं भाडं वेगळं, नियम वेगळे. वाय म्हणजे साधारणपणे इकॉनॉमीचं पूर्ण भाडं. जे आणि सी ही बहुधा बिझनेसची, एफ फर्स्टचं. बाकी अक्षरं कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीत स्वस्त असलेलं अक्षर दुसरीकडे महाग असतं. त्यामुळे अमुक अक्षर चांगलं, असं पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही.

(दृश्य: संगणकाचा पडदा. काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ.)

हा पडदा प्रवाशाला सहसा दाखवत नाहीत. जगभरचे एजंट अमेडियस, सेबर, गॅलिलिओ अशा तिकीट बुकिंगच्या संगणक यंत्रणांवर काम करतात. सेबर ही यातली सर्वांत जुनी. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून ती उभी केली आणि १९६० च्या दशकात ती चालू झाली. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि एकाच विमानातल्या सीटा वेगवेगळ्या भावांनी विकण्याचं तंत्र वेगानं वाढलं. आज लातूरच्या काउंटरवर दिसणारी अक्षरांची ओळ त्या तंत्राचीच.

ओळ अशी वाचायची. वाय ९, बी ९, एम ७, के २, एल ०. अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या कप्प्यात विकायला शिल्लक असलेल्या सीटा. ९ म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त; पडदा त्यापुढचं सांगत नाही. एल ० म्हणजे विमान भरलं असं नाही, त्या भावाचा कोटा संपला. काकांच्या मुलाचं तिकीट एलमधलं आहे. नव्या तारखेला एल शून्य आहे, केमध्ये दोन सीटा आहेत. तारीख बदलायची तर अक्षरही बदलावं लागणार. काकांना वाटलं होतं, तारखेच्या बदलाचा दंड भरला की झालं. खरा खर्च अक्षराच्या बदलाचा आहे.

हिशेब मांडून बघू. समजा एलचं मूळ भाडं ३२ हजार रुपये होतं आणि केचं ४१ हजार आहे. फरक ९ हजार. नियमाप्रमाणे बदलाचा दंड समजा ६ हजार. झाले १५ हजार. करांत काही फरक पडला तर तो वेगळा, आणि एजन्सीचं सेवाशुल्क वेगळं. दंड कंपनीकडे जातो, भाड्यातला फरकही कंपनीकडेच जातो. "एजंटनं पंधरा हजार खाल्ले" असं गावात बोललं जातं, ते बहुतेक वेळा खरं नसतं. मात्र एजंटनं हा हिशेब तोंडी सांगू नये, फोड करून कागदावर लिहून द्यावा. संशय जातो तो त्यानंच.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या प्रवाशांना माहीत असते. जायचं-यायचं तिकीट असेल आणि प्रवास सुरू होण्याआधी बदल केला, तर बहुधा अख्ख्या तिकिटाचं भाडं आजच्या दरानं पुन्हा मोजलं जातं. एकदा जाणं झालं आणि मग फक्त परतीची तारीख बदलली, तर साधारणपणे तिकीट काढलं त्या दिवसाचे दर धरतात. त्यामुळे परतीबद्दल शंका असेल तर घाईनं आधीच बदल करून घेण्याऐवजी एजंटला दोन्ही हिशेब काढायला सांगावेत. फरक मोठा निघू शकतो.

(दृश्य: की-बोर्डवरची बोटं. पडद्यावर नियमांचं लांबलचक पान सरकतंय.)

नियम पडद्यावरच असतात. भाड्याच्या नियमांना ठरलेले क्रमांक आहेत. सोळावा दंडाचा, एकतिसावा प्रवाशानं स्वतःहून केलेल्या बदलांचा, तेहतिसावा परताव्याचा. तिकीट काढण्याआधी एजंटनं सोळावा नियम उघडून दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मला ठामपणे वाटतं, तो न दाखवता तिकीट विकणं म्हणजे ग्राहकाला अंधारात ठेवणं. शेतीच्या पैशातून, सोनं गहाण ठेवून काढलेलं तिकीट असतं काही घरांत. त्या घराला "नॉन-रिफंडेबल", म्हणजे रद्द केल्यास भाडं परत न मिळणारं, हा शब्द तिकीट हातात पडल्यावर कळावा, हे बरोबर नाही.

तिकीट काढलं त्याच संध्याकाळी घरी बसून ते नीट वाचा. नाव, तारीख, अक्षर, सामान. कारण एजन्सीनं काढलेलं तिकीट त्याच दिवशी, साधारणपणे मध्यरात्रीच्या आत, व्हॉइड करता येतं. म्हणजे ते निघालंच नव्हतं असं धरलं जातं आणि कंपनीचा दंड लागत नाही. काही कंपन्यांची अडचण असते, पण बहुतेकांकडे ही सोय आहे. दिवस उलटला की तीच दुरुस्ती रीइश्यूमध्ये, म्हणजे जुन्याच्या बदल्यात नवं तिकीट काढण्यात, जाते आणि मीटर सुरू होतं.

आता सगळ्यात नाजूक जागा.

अक्षर बदलणं ही दोन कामं आहेत. पहिलं, बुकिंगमध्ये, म्हणजे सहा अक्षर-अंकांच्या पीएनआरमध्ये, एल काढून के घालणं. हे दोन सेकंदांत होतं. दुसरं, जुनं तिकीट मोडून त्या बदल्यात नवं तिकीट काढणं. यालाच रीइश्यू म्हणतात. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं, तर बुकिंग एक सांगतं आणि तिकीट दुसरंच. विमान कंपन्यांच्या यंत्रणा अशी बुकिंगं शोधत असतात, आणि ठरलेल्या मुदतीत जुळणारं तिकीट मिळालं नाही तर सीट काढून टाकतात. प्रवाशाच्या मोबाइलवर मात्र नव्या तारखेची पीडीएफ असते. तो हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर चार बॅगा घेऊन उभा, मागे निरोप द्यायला आलेलं घर, आणि काउंटरवरची मुलगी सांगते, सर, तिकीट नाहीये. गाडी करून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये. चूक पकडली गेली नाही आणि माणूस खालच्या भाड्यावर वरच्या अक्षरात बसून गेला, तर कंपनी नंतर एजन्सीला एडीएम पाठवते, म्हणजे फरकाची वसुली. छोट्या दुकानाचं महिन्याचं कमिशन त्यात वाहून जातं.

यावर उपाय साधा आहे. तिकिटाचा क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचा ०९८, एमिरेट्सचा १७६, लुफ्तान्साचा २२०. रीइश्यू झालं की क्रमांक नवा येतो, आणि जुन्यासमोर "एक्स्चेंज्ड" अशी नोंद पडते. बदल केल्यावर एजंटला एकच विचारा: नवा तेरा आकडी क्रमांक कुठंय? तोच जुना दाखवला तर काम अर्धंच झालंय. कागदी तिकिटं जून २००८ पासून बंद झाली, तेव्हापासून हा क्रमांक हेच तिकीट.

(दृश्य: रात्रीची वेळ. बंद शटर. फोनवर बोलणारा एक तरुण.)

प्रवासी वैतागून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावतो. पलीकडून उत्तर येतं, तुमचं तिकीट एजन्सीचं आहे, त्यांच्याकडेच जा. हे दर वेळी टाळाटाळ म्हणून नसतं. पैसे एजन्सीमार्फत आले, तिकीट तिच्या नावावर निघालं, म्हणून प्रवास सुरू होईपर्यंत बदलाची किल्लीही बहुधा तिच्याच हातात राहते. कंपनीनं स्वतः वेळापत्रक बदललं किंवा विमान रद्द केलं, तर मात्र कंपनीनं हात लावायला हवा, आणि तसा आग्रह धरावा.

आपल्याकडे या साखळीत आणखी एक कडी असते. तालुक्याच्या गावातल्या दुकानाकडे आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, मान्यता असेलच असं नाही. ते मुंबईच्या किंवा हैदराबादच्या कन्सॉलिडेटरकडून, म्हणजे छोट्या एजंटांना तिकिटं पुरवणाऱ्या मोठ्या एजन्सीकडून, तिकीट घेतं, पोर्टलच्या वॉलेटमध्ये आगाऊ पैसे भरून. म्हणजे उदगीरचा ग्राहक उदगीरच्या एजंटला सांगणार, तो मुंबईला मेल टाकणार, मुंबईवाला रीइश्यू करणार. दिवसा तासाभरात होणारं काम रात्री अकराला अडकतं. म्हणून तिकीट घेताना विचारून ठेवा, हे तिकीट तुम्ही स्वतः काढता की पुढून आणता? रात्री-अपरात्री फोन कोणाला लावायचा? प्रामाणिक एजंट याचं सरळ उत्तर देतो. असे एजंट मराठवाड्यात आहेत. पहाटे तीनला उठून एखाद्या अनोळखी आईसाठी सीट शोधणारे आहेत. त्यांचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही.

वरच्या केबिनचं थोडं वेगळं आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला चौदा तास पाय लांब करता यावेत, म्हणून मुलगा बिझनेसची चौकशी करतो. इथंही मूळ अक्षर आडवं येतं. काही स्वस्त अक्षरांना माइल्स, म्हणजे आधीच्या प्रवासांतून जमलेले कंपनीचे गुण, वापरून वर जाताच येत नाही. पैसे भरून जायचं तर फरक आणि दंड दोन्ही, शिवाय जीएसटी: इकॉनॉमीला ५ टक्के, त्यावरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. कंपनीच्या संकेतस्थळावर बोली लावून किंवा विमानतळावर ऐन वेळी सीट मिळते कधी कधी, पण एकदा कंपनीनं तिकिटात हात घातला की एजंटला बहुधा ते पुढे बदलता येत नाही. आणि गटाच्या भाड्यातलं तिकीट असेल, उमराहच्या किंवा सहलीच्या ग्रुपचं, तर एकट्याचं अक्षर बदलणं जवळपास अशक्य. ते सगळ्या गटाबरोबर बांधलेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी वरची सीट हवीच असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांना गटातून वेगळं काढा.

उलटंही घडतं. पैसे वरच्या वर्गाचे घेतले आणि कंपनीनंच खाली बसवलं. यासाठी डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत. परदेशी प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. बोर्डिंग पास जपून ठेवा, तोच पुरावा.

आणि परताव्याचं. तिकीट कितीही "नॉन-रिफंडेबल" असलं तरी प्रवास झाला नाही तर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क प्रवाशाला परत मिळायला हवं, असा डीजीसीएचा नियम आहे. तिकीट एजंटमार्फत काढलं असेल तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. एजंट म्हणतो कंपनीनं दिले नाहीत, कंपनी म्हणते एजंटला दिले, असं दोन्हीकडून ऐकायला मिळालं, तर तेरा आकडी क्रमांक आणि पावती जोडून आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही तर केंद्र सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे. तिथं घरबसल्या तक्रार नोंदवता येते.